स्प्रिंग गेली म्हणण्याआधी

जुनं शिलाई मशीन घरात येण्याचे मार्ग ठरलेले असतात. आजीचं माळ्यावर पडून राहिलेलं खाली उतरतं, ओळखीचं कुणी घर बदलताना देऊन जातं, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी ते दिसतं आणि मोह आवरत नाही. चाक फिरतं, सुई वरखाली होते, म्हणजे मशीन चालू आहे असं आपण धरून चालतो. घरी आणून पहिली टीप मारली की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं तयार होतं. मग शेजारचं कुणीतरी खात्रीनं सांगतं, ‘स्प्रिंग गेली असेल.’

बहुतेक वेळा ती गेलेली नसते. ती मळलेली असते, अडकलेली असते, किंवा आधीच्या कुणीतरी उलटी बसवलेली असते. खरोखर मोडलेली किंवा दमलेली स्प्रिंग निघाली, तरी तो भाग मशीनमधल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असतो. म्हणून घाबरण्याचं कारण नाही. मात्र कामाला एक क्रम आहे आणि तो सोडला की साध्या मळाचं रूपांतर मोडतोडीत होतं.

इथे आपण काळ्या रंगाच्या, सरळ टीप मारणाऱ्या घरगुती मशीनबद्दल बोलतो आहोत. सिंगरच्या ‘पंधरा नंबर’ वर्गातल्या यंत्राची रचना जपानी आणि भारतीय कारखान्यांनी मोठ्या प्रमाणावर उचलली, त्यामुळे नाव उषा असो, सिंगर असो की आणखी काही, आतली मांडणी पुष्कळशी सारखी भेटते. आपलं मशीन थोडं वेगळं असेल तर भागांची जागा बदलेल, तत्त्व बदलणार नाही.

घरातली हत्यारं

खास हत्यारं लागत नाहीत. दोन पेचकस हवेत, एक मध्यम आणि एक अगदी बारीक. पण पेचकस कसा आहे हे फार महत्त्वाचं. त्याचं पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीनं बसलं पाहिजे. अरुंद किंवा टोक झिजलेला पेचकस लावला की तो निसटतो, खाच गोल होते, आणि नंतर तो स्क्रू निघता निघत नाही. पातं जाड असेल तर पाट्यावर किंवा कानशीवर घासून पातळ करता येतं. जुन्या मशीनच्या खाचा अरुंद आणि खोल असतात, त्यामुळे एवढी मेहनत फुकट जात नाही.

याशिवाय जुना दात घासायचा ब्रश, गुळगुळीत टोकाचा चिमटा, सुती फडकं, बर्फाचा ट्रे किंवा अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणि मोबाईल. ट्रेच्या खणांत काढलेले भाग काढले त्या क्रमानं ठेवायचे. मोबाईलनं प्रत्येक भाग काढण्यापूर्वी एक फोटो घ्यायचा. दुसऱ्या दिवशी आपल्याला सगळं आठवेल अशी आशा धरू नये. बंद पडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक असेल तर तेही जवळ ठेवा, फरशीवर पडलेला स्क्रू शोधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणखी दोन गोष्टी. जमिनीवर किंवा टेबलावर एक पांढरी चादर अंथरा. आणि एक मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या. ताणलेली स्प्रिंग काढताना हात, पेचकस आणि तो भाग त्या पिशवीच्या आत ठेवून काम केलं, की उडालेली स्प्रिंग कपाटाखाली न जाता पिशवीतच राहते. वाटाण्याएवढ्या स्प्रिंगसाठी संध्याकाळभर घर झाडण्यापेक्षा हे बरं.

तेल शिलाई मशीनचंच, पाण्यासारखं पातळ आणि रंगहीन. खोबरेल तेल नको. आपल्याकडे निम्म्या जुन्या मशीनांचा घात खोबरेलानंच केला आहे असं मला वाटतं. ते थंडीत गोठतं, काही महिन्यांत चिकट होतं, धूळ आणि कापडाची लव धरून ठेवतं, आणि शेवटी पिवळट लाखेसारखा थर होऊन बसतो. हा थर काढायला थोडं रॉकेल चालतं. ते फडक्यावर घेऊन, खिडकी उघडी ठेवून, देवघरातला दिवा आणि गॅस बंद करून वापरायचं. पेट्रोल घरात या कामाला कधीही वापरू नका.

सुरुवात करण्यापूर्वी मोटार असेल तर तिची पिन भिंतीतून काढा. पायाचं मशीन असेल तर चाकावरून पट्टा उतरवा. सुई काढून ठेवा. हात सुईखाली असताना चुकून पाय पायडलवर पडणं ही नेहमीची दुखापत आहे.

आधी निदान

स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी सुई बदला. हे ऐकायला बावळटपणाचं वाटतं, पण वाकडी, बोथट किंवा उलटी बसलेली सुई बरोबर तीच लक्षणं दाखवते जी लोक स्प्रिंगच्या नावावर खपवतात: टाके सुटणं, दोरा तुटणं, गुंता. सुईच्या एका बाजूला वरपासून भोकापर्यंत लांब खाच असते. दोरा ज्या बाजूनं सुईत ओवायचा, त्या बाजूला ही लांब खाच आली पाहिजे. साध्या सुती कापडाला चौदा नंबरची सुई घ्या.

आता वरच्या बाजूला लाल दोरा ओवा आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा भरा. दोन्ही एकाच जाडीचे आणि एकाच प्रतीचे असावेत. ब्लाउजच्या टू-बाय-टू कापडाचे दोन थर घेऊन वीतभर टीप मारा आणि दोन्ही बाजू नीट बघा.

चांगल्या टिपेत लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये दडते. वरून फक्त लाल दिसतो, खालून फक्त पांढरा. खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे फासे दिसत असतील तर वरचा दोरा सैल आहे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके येत असतील तर वरचा दोरा फार ताणला आहे किंवा खालचा फार सैल आहे.

इथेच सर्वांत मोठी फसगत होते. गुंता कापडाखाली दिसतो, म्हणून दोष खालच्या बॉबिनचा असं मन ठरवून टाकतं. प्रत्यक्षात खालचं जाळं जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याचं असतं. त्याला वरून ओढून घ्यायला ताण मिळत नाही, म्हणून तो खाली साचतो. दोन रंगांचे दोरे वापरायला सांगितलं ते यासाठीच. रंग बघितला की वाद उरत नाही.

दुसरी चाचणी हातानं करायची. कापड दाबून धरणारा पाय वर उचला आणि सुईजवळचा दोरा ओढा. तो सहज यायला हवा. आता पाय खाली सोडा आणि पुन्हा ओढा. आता दोऱ्याला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे, पातळ सुई असेल तर ती किंचित वाकेल इतका. पाय वर असो की खाली, दोरा सारखाच सैल येत असेल तर वरच्या ताणाच्या जागी काहीतरी अडलं आहे. दोरा ओवतानाही पाय वरच असायला हवा, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतो. पाय खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो आणि आपण विनाकारण स्प्रिंग खोलायला बसतो.

वरचं टेन्शन

मशीनच्या तोंडाकडच्या बाजूला जी छोटी गोल रचना दिसते तिला शिंपी नुसतं टेन्शन म्हणतात, म्हणजे दोऱ्याला ताण देणारी जागा. मधोमध उभी फट असलेली एक आडवी दांडी असते. तिच्यावर आतून बाहेर असे भाग ओवलेले असतात: बारीक तारेची चेक स्प्रिंग, दोन चकत्या, मधे आडवी पट्टी असलेली एक पातळ चकती, निमुळती स्प्रिंग, आणि सगळ्यांना दाबणारं बोटानं फिरवायचं नट. काही मशीनांत नटासोबत आकड्यांची तबकडी आणि एखाददुसरं जास्तीचं वॉशर असतं. तसं असेल तर खोलण्यापूर्वी कोणता आकडा समोर आहे त्याचा फोटो घ्या.

काम कसं चालतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो. नट आवळलं की निमुळती स्प्रिंग दबते, ती चकत्यांना दाबते, आणि दोऱ्याला ताण मिळतो. आपण पाय उचलतो तेव्हा दांडीच्या पोटातली एक सळई बाहेर सरकते, त्या आडव्या पट्टीला ढकलते आणि स्प्रिंगचा भार चकत्यांवरून उचलते. म्हणून कापड बाहेर काढताना दोरा मोकळा सुटतो.

नट मोजत उलटं फिरवा. किती फेऱ्यांत सुटलं ते कागदावर लिहा, जोडताना तेवढंच आवळायचं आहे. शेवटच्या फेऱ्यांत पिशवी वापरा आणि निमुळत्या स्प्रिंगवर बोट ठेवा. स्प्रिंगच्या वेढ्यांतून आधीच एक जाड दोरा ओवून त्याला गाठ मारून ठेवली तर ती सुटली तरी हातभर अंतरावरच लोंबकळेल. कोणतं तोंड आत होतं आणि कोणतं बाहेर, हे काढण्यापूर्वीच फोटोत पकडलेलं असू द्या.

चकत्या बाहेर आल्या की बहुतेकदा गुन्हेगार सापडतो. कधी वर्षानुवर्षांची लव घट्ट गोळा होऊन दोन चकत्यांच्या मधे बसलेली असते, कधी तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा दांडीभोवती गुंडाळलेला असतो. लव चकत्यांना पूर्ण मिटू देत नाही. मग आपण नट कितीही आवळा, दोरा सैलच राहतो. नट आवळून आवळून आधीच्या मालकानं स्प्रिंग पार दाबून टाकलेली असते, आणि लोक म्हणतात स्प्रिंग गेली.

चकत्या रॉकेलच्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या फडक्यानं. दोरा जिथून सरकतो तो भाग नखानं चाचपून पाहा. गंजाचा खड्डा किंवा दोऱ्यानं पाडलेली चर लागली तर चकती बदलावी लागेल, कारण त्या चरीत दोरा अडकून झटके देत राहतो. इथे तेल लावू नका. चकत्यांना तेल लागलं की दोरा काळा होतो आणि ताणही फसवा मिळतो.

दांडीच्या फटीत लक्ष घाला. तिच्या दोन फाका एकमेकींकडे दबलेल्या असतील तर आतली सळई अडकते आणि पाय उचलला तरी चकत्या उघडत नाहीत. शिवाय त्या फारच जवळ आल्या असतील तर नट सैल होतं आणि मशीन चालताना आपोआप फिरतं. दोन्ही दोषांवर उपाय एकच आहे. पेचकसाचं पातं फटीत घालून अगदी किंचित उघडा, नट लावून पाहा, पुन्हा गरज असेल तर पुन्हा. नट थोडं घट्टसर फिरलं पाहिजे. जोरात पिळलं तर फाक तुटते आणि मग पूर्ण दांडी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

परत बसवताना चूक होते ती चकत्यांच्या तोंडांची. दोन्ही चकत्यांच्या फुगीर बाजू एकमेकींना टेकल्या पाहिजेत. म्हणजे कडा बाहेर उघडतात आणि दोरा आपोआप आत सरकतो. पोकळ बाजू समोरासमोर आल्या तर दोरा आत जातच नाही. मग पट्टीची चकती, तिची आडवी पट्टी दांडीच्या फटीत नीट बसलेली. ती तिरकी राहिली तर सळई तिला ढकलू शकत नाही. मग स्प्रिंग, शेवटी नट. पाय वरखाली करून चकत्या उघडतात-मिटतात का ते डोळ्यांनी बघा, आणि त्यानंतरच दोरा ओवा.

एवढं करून नट अगदी शेवटच्या आट्यापर्यंत आवळल्यावरच टीप ठीक येत असेल, तर निमुळती स्प्रिंग खरोखरच दमली आहे. ती ओढून लांब करावी का, हा प्रश्न हमखास येतो. पुष्कळ कारागीर करतात, आणि त्या दिवशी मशीन चालतंही.

पण आत काय घडतं ते बघा. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं 1678 मध्ये मांडलेला नियम असा की स्प्रिंग जितक्या जोरानं ओढू तितक्या प्रमाणात ती लांबते आणि सोडली की पूर्वीच्या जागी येते. हे खरं आहे ते एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेपलीकडे ओढलं की पोलाद कायमचं वाकतं. हातानं ओढून लांब केलेली स्प्रिंग म्हणजे ही मर्यादा मुद्दाम ओलांडलेली स्प्रिंग. तिचे वेढे एकसारखे उघडत नाहीत, काही ताणले जातात, काही तसेच राहतात, आणि दाब चकत्यांवर एका कडेनं पडतो. हळूहळू ती पुन्हा बसते. म्हणून माझं मत असं: उद्या सकाळी कुणाचा ब्लाउज द्यायचा असेल तर नट आणि स्प्रिंगच्या मधे एक पातळ वॉशर घाला, त्यानं स्प्रिंग थोडी जास्त दबते आणि तिचा आकारही बिघडत नाही. आणि त्याच आठवड्यात नवी आणा.

चेक स्प्रिंग: सर्वांत दुर्लक्षित भाग

टेन्शनच्या जागीच केसासारख्या तारेची एक आकडी बाहेर डोकावत असते. ही चेक स्प्रिंग. मशीन घेताना तिच्याकडे कुणी पाहत नाही, आणि जुन्या मशीनमध्ये सर्वांत जास्त वेळा वाकलेली किंवा तुटलेली सापडते ती हीच.

तिचं काम समजायला चाक हातानं हळूहळू फिरवा. दोरा वर ओढणारा भोकाचा दांडा, ज्याला टेकअप म्हणतात, तो खाली येताना दोरा सैल पडतो. हा सैल दोरा सुईसमोर लोंबू लागला तर सुईच त्याला भोसकेल. दोऱ्याचे तंतू सुटतील किंवा तो तुटेल. चेक स्प्रिंग तेवढ्या वेळापुरता हा सैलपणा स्वतःकडे ओढून धरते. सुईचं भोक कापडापर्यंत पोहोचलं की तिचं काम संपतं आणि ती आपल्या टेकूवर येऊन थांबते. टीप मारताना आकडी दर टाक्याला नाचताना दिसली पाहिजे.

ती नाचत नसेल तर आधी दोरा तिच्यात अडकवला आहे का ते बघा. चकत्यांतून वळसा घेतलेला दोरा या आकडीखालून जाऊन मग टेकअपकडे गेला पाहिजे. घाईत तो आकडीच्या बाहेरूनच जातो, आणि ओवण्यातली ही नेहमीची चूक आहे.

दोरा बरोबर असूनही आकडी हलत नसेल तर ती चकत्यांमागे अडकली असेल, किंवा तिच्या मुळाशी लव आणि सुकलेलं तेल असेल. ब्रशवर थोडं रॉकेल घेऊन तिथे फिरवा, चिमट्यानं आकडी हलकेच खाली ओढून सोडा. ती चटकन परत यायला हवी.

आकडीचा बाहेरचा दांडा थोडा बाजूला वाकला असेल तर गुळगुळीत चिमट्यानं तो सरळ करता येतो. चिमट्याच्या टोकांना कापडाची पट्टी गुंडाळा, कारण तारेवर ओरखडा उठला की ती पुढे तिथेच तुटते. पण वेढे विस्कटले असतील तर हात लावू नका. आणि कोणतीही स्प्रिंग सरळ करायला गॅसच्या ज्योतीवर धरू नका. ही तार कडक आणि लवचीक असते ती तिला कारखान्यात दिलेल्या पाण्यामुळे. ज्योतीवर तापून तिचं पाणी उतरलं की ती कुंपणाच्या तारेसारखी होते: वाकवा तशी वाकते आणि तिथेच राहते.

चेक स्प्रिंग बदलायची किंवा तिचा जोर बदलायचा तर संपूर्ण टेन्शन बाहेर काढावं लागतं. ते मशीनच्या तोंडात एका छोट्या स्क्रूनं धरलेलं असतं. तो सैल करण्यापूर्वी टेन्शनच्या कडेवर आणि मशीनच्या अंगावर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. परत बसवताना दोन अर्ध्या रेघा जुळल्या की जागा बरोबर आली. ही रेघ न ओढता काढलेलं टेन्शन परत जागेवर आणायला अनुभवी माणसालाही वेळ लागतो.

बसवल्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. एक म्हणजे जोर: मधली दांडी पेचकसानं थोडी फिरवली की वेढे जास्त किंवा कमी आवळतात. दुसरी म्हणजे आकडी किती अंतर चालते, म्हणजे ती टेकूवर केव्हा येऊन थांबते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी टीप मारून बघा. दोन्ही एकदम फिरवल्या तर कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं ते कळत नाही. पातळ कापडाला आकडीची चाल थोडी जास्त आणि जोर कमी लागतो, जाड कापडाला चाल कमी. घरगुती कामाला मधली जागा एकदा साधली की पुन्हा पुन्हा छेडू नये.

बॉबिन केसची चपटी स्प्रिंग

आता खाली या. बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या धातूच्या डबीच्या, अंगावर एक वाकडी चपटी पट्टी दिसते. ही पट्टी म्हणजेच खालच्या दोऱ्याची स्प्रिंग. तिच्यावर दोन स्क्रू असतात. टोकाकडचा स्क्रू पट्टीला धरून ठेवतो, मधला स्क्रू ताण कमी-जास्त करतो. फिरवायचा असतो तो फक्त मधला.

पण फिरवण्याआधी स्वच्छता. दोऱ्याची लव पट्टीखाली जाऊन बसते आणि पट्टी उचलून धरते. जाड कागदाचा, जुन्या लग्नपत्रिकेचा, कोपरा पट्टीखालून दोऱ्याच्या वाटेनं ओढा. टाचणी किंवा सुई घालून उकरू नका. आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा उठला की तो दोऱ्याला कायमचा धरत राहतो.

ताण तपासायला भरलेली बॉबिन केसमध्ये घाला, दोरा फटीतून ओढून पट्टीखालून बाहेर काढा. फटीतून जाताना दोऱ्यानं उलटं वळण घेतलं पाहिजे. तो सरळच निघून येत असेल तर बॉबिन उलटी घातली आहे. आता दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबकळू द्या. ती जागेवर थांबली पाहिजे. हाताला हलका झटका दिला की दोन-तीन इंच खाली उतरून पुन्हा थांबली पाहिजे. सरळ खाली घसरली तर पट्टी सैल, झटक्यालाही हलली नाही तर फार घट्ट.

मधला स्क्रू फिरवायचा तो पूर्ण फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा. मग पुन्हा लोंबकळवून बघायचं. लोक इथे अर्धा-अर्धा फेरा मारतात आणि ताण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. हा स्क्रू साखरेच्या दाण्याएवढा असतो, म्हणून काम पांढऱ्या रुमालावर करा आणि शक्यतो तो पूर्ण बाहेर काढूच नका. काढावाच लागला तर लोहचुंबकाला चिकटवून ठेवा.

जुन्या मशीनमध्ये पट्टीच्या खालच्या अंगाला दोऱ्यानं वर्षानुवर्षं घासून चर पाडलेली असते. उजेडात तिरकं धरलं की दिसते. अशी पट्टी कितीही आवळली तरी ताण एकसारखा मिळत नाही, टीप दोन वीत चांगली आणि मग अचानक सैल. तिथे दुरुस्ती नाही. फक्त पट्टी शोधत हिंडण्यापेक्षा पूर्ण बॉबिन केस बदलणं सोपं.

केसच्या पाठीवर उघडझाप करणारा खटका असतो, त्याच्या आतही एक इवलीशी स्प्रिंग आहे. खटका उघडून केस उलटी धरली तरी बॉबिन पडता कामा नये. पडत असेल किंवा शिवताना केसच निसटून खाली येत असेल, तर खटक्याखाली लव आहे का ते आधी बघा. खटका सुटा करायला जाऊ नका. बॉलपेनातली स्प्रिंग कापून तिथे बसवण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत. तिची तार आणि वेढा दोन्ही वेगळे असतात, खटका पूर्ण मिटत नाही, आणि वेगात मागेपुढे हलणाऱ्या हुकात, म्हणजे सुईचा दोरा पकडणाऱ्या भागात, केस सुटली तर सुई तुटून उडते.

पाय आणि सरकती पट्टी

कापड पुढे सरकत नसेल किंवा एका बाजूला जात असेल तर पायाच्या दांडीवरची स्प्रिंग तपासा. ही डोक्याच्या आत, उभ्या दांडीभोवती असते आणि वरच्या टोपणासारख्या स्क्रूनं दबते. आधी खालच्या दात्यांमधली लव ब्रशनं आणि लाकडी टूथपिकनं काढा. कापड न सरकण्याचं कारण बहुतेकदा तिथेच मिळतं. मग वरचा स्क्रू थोडा आवळून पाहा. स्प्रिंग काढायचीच असेल तर पाय खाली सोडून मगच स्क्रू उघडा. पाय वर असताना ती जास्त दबलेली असते आणि स्क्रू सुटताच तोंडावर उडू शकते. चष्मा घाला, आणि तोंड बरोबर वर नेऊ नका.

बॉबिनवरची सरकती पट्टी सैल होऊन सारखी निघत असेल तर तिच्याखाली दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेली चपटी स्प्रिंग असते. ती बहुधा फक्त दबून सपाट झालेली असते. ही एवढी एकच स्प्रिंग आहे जिची टोकं बोटांनी किंचित वर उचलून काम भागतं, कारण इथे नेमक्या ताणाची गरज नाही.

नवा भाग आणताना

तालुक्याच्या गावातही शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं एखादं दुकान असतंच. तिथे जाताना जुना भाग खिशात घेऊन जा. ‘उषाची स्प्रिंग द्या’ एवढ्यानं भागत नाही. एकाच वर्गातल्या बॉबिन केसमध्येसुद्धा तिचं बाहेर आलेलं बोट वेगवेगळ्या जागी असतं, आणि चुकीच्या जागचं बोट आपल्या मशीनच्या खाचेत बसत नाही. चेक स्प्रिंगचेही वेढे आणि आकडीचा आकार बदलतात. जुनी आणि नवी काउंटरवर शेजारी ठेवून बघा. तार जाड वाटली तर घेऊ नका. एक जास्तीची घेऊन ठेवा.

नवी स्प्रिंग बसवली की पुन्हा लाल-पांढऱ्या दोऱ्याची टीप मारा. क्रम असा ठेवा: आधी खालचा ताण केस लोंबकळवून ठरवायचा, आणि मग तो तसाच ठेवून वरचं नट फिरवून टीप जुळवायची. रोजच्या कापडबदलाला फक्त वरचं नट वापरायचं. खालचा स्क्रू महिनोन्महिने तसाच राहू द्यावा.

सुई नवी, दोरा बरोबर, चकत्या स्वच्छ, चेक स्प्रिंग नाचते आहे, केस नीट लोंबकळते आहे, आणि तरीही टाके सुटत असतील, तर दोष स्प्रिंगचा नाही. हुकाचं टोक सुईपाशी वेळेवर पोहोचत नसणार, किंवा सुईची दांडी खाली-वर सरकली असणार. ते काम जाणत्या मिस्त्रीकडे द्या. त्यांना आपण काय काय खोललं आणि काय बदललं हे सरळ सांगा, मोबाईलमधले फोटो दाखवा. त्यांचा अर्धा तास वाचेल.

आणि मशीन परत घरी आलं की वापरानंतर दोन थेंब मशीनचं तेल, आठवड्यातून एकदा बॉबिनजवळची लव, आणि वर एक कापडी झाकण. खोबरेल डोक्यालाच लावा.